टिंब

सिडकोत, त्रिमूर्ती चौकाच्या मागच्या गल्लीत,
पिठाच्या गिरणीला लागून माझं दुकान.
मशीन एक, सुया पंधरा,
आणि पीठ उडून येतं म्हणून
दोऱ्यांच्या रिळांवर कायम एक जुना टॉवेल.

लोक येतात, मोबाईल पुढे करतात:
ताई, हे असंच.
असंच म्हणजे मोर.
मोराच्या पिसाऱ्यात कमळ, कमळात कुयरी,
कुयरीत आणखी एक मोर, जरा अंग चोरून.
अठ्ठेचाळीस हजार टाके.

मी आधी कापड दोन बोटांत चोळते.
शिरसाठबाईंचं जॉर्जेट होतं, कांद्याच्या पापुद्र्याएवढं.
म्हटलं, हे चुण्या धरेल.
साधी वेल घ्या, टोकाला द्राक्षाचा एक घोस, पुष्कळ झालं.
त्या म्हणाल्या, विहीणबाईंच्या बाहीवर मोर आहे.
त्यापुढे कापडाचं काय चालणार?

काढला मोर. खाली दुहेरी कागद लावून,
पाच तास.
तीनदा जरी तुटली. एकदा वीज गेली,
ती नेमकी चोचीच्या टोकावर.
परत सुरू केलं तेव्हा चोच केसभर सरकलेली.
कुणालाच दिसली नाही.
भरगच्च नक्षीचा एवढा उपकार असतो,
तिच्या गर्दीत चूक सुखाने नांदते.

त्याच आठवड्यात गांगुर्डेकाका आले.
ओझरच्या कारखान्यात विमानाच्या पत्र्याला
रिव्हेट मारण्यात जन्म गेलेला माणूस.
खिशातून बँकेची स्लिप काढली, घडीवर विरलेली.
तिच्यावर सही:
अनुसया गांगुर्डे. टिंब मात्र 'गा'वरून घसरून
'गु'च्या डोक्यावर बसलेला.

हिचा उजवा हात गेलाय, म्हणाले.
म्हणजे आहे. पण विसरलाय.
बँकवाले म्हणतात सही जुळत नाही, अंगठा द्या.
ही अंगठा द्यायला तयार नाही.
चाळिशीत रात्रीच्या वर्गाला जाऊन मिळवलेली सही आहे ती.
जाड काढा, हाताला लागेल अशी.
बोट फिरवून फिरवून बसेल परत.

मग भिंतीवरचे नमुने बघत राहिले.
भोवती वेलबुट्टी टाकायची का? बरं दिसेल.
मी म्हटलं, नको.
पान आलं की बोट पानाकडे जाईल.

दोन हजार टाकेसुद्धा नाहीत.
मला वाटलं, अर्धा तास.
तीन संध्याकाळी गेल्या.
कॉम्प्युटर प्रत्येक थरथर सरळ करायला निघायचा,
मी प्रत्येक थरथर परत वाकडी करायची.
फोन केला, टिंब जागेवर आणू का?
काका म्हणाले, बँकेत तिथेच आहे.

चारदा काढली, चारदा उसवली.
एकच रेघ, काळा दोरा, पांढरं मांजरपाट,
लपायला कुठे जागाच नाही.
शेवटी डोळे मिटून स्वतःचं बोट फिरवलं.
'र्डे'च्या वळणावर अडकलं.
पाचव्यांदा काढली.

दर हजार टाक्यांवर लावते मी.
काकांचं बिल
मोराला लागलेल्या कागदापेक्षाही कमी झालं.
त्यांनी मोजून सुटे पैसे दिले,
कापड वर्तमानपत्रात गुंडाळलं, स्कूटरच्या डिकीत ठेवलं.

दिवाळी झाल्यावर परत आले.
तेच कापड. हळदीचे डाग, तेलाचे डाग.
बाकीची सही कोरी करकरीत,
फक्त 'अ' झिजून त्याचे धागे वर आलेले.

अ आलाय, म्हणाले.
आता 'नु' चालू आहे.
पण ती रोज पहिल्यापासून सुरू करते, म्हणून
आणखी एक काढून द्या.

मशीनवर दुसऱ्या कुणाचा तरी मोर होता,
मानेपर्यंत आलेला.
थांबवला.
चोच सरकली तर सरकली.